पहाट बेकरीचा ‘हा’

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. संध्याकाळी सांगीन म्हणलं तर तोपर्यंत माझ्याच्यानं धीर धरवणार नाही. मी श्रीरामपुरातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडच्या दारात उभी राहून मोबाईलवर टाइप करतेय. आत ब्लोअर घुमतोय, बर्नर पेटलाय, चहा उतू जाऊन गॅसवर सांडलाय आणि कुणाचंच तिकडं लक्ष नाही. कारण पप्पांनी आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, रबरी पाइप स्वतःच्या तोंडात धरला. तुम्ही म्हणाल, धरला तर धरला, एवढं काय त्यात! तेच तर सांगायचंय. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर मी दहावीत होते त्या वर्षात यावं लागेल. मी आठवणी लिहायला घेतल्यात हे ऐकून माझा मामा लई हसला होता. म्हणाला, “वय काय गं तुझं? अजून तर काही झालंच न्हाई तुझ्या आयुष्यात!” झालंय ना मामा. तू पण होतास की तिथं.

पप्पा निऑनची अक्षरं करतात. खऱ्या निऑनची, काचेच्या नळीची. करंगळीएवढी सरळ नळी घ्यायची, बर्नरच्या जाळावर फिरवत धरायची, आणि ती शिजलेल्या शेवईसारखी लुळी पडायला लागली की जाळातून काढून टेबलावरच्या नकाशावर ठेवून वळवायची. नकाशा म्हणजे न जळणाऱ्या जाड कागदावर काढलेलं अक्षर, तेही आरशात दिसतं तसं उलटं, कारण काच मागच्या बाजूनं वळवतात. पण लुळी नळी वाकवली की वळणावर चेपते, अंगणातला पाण्याचा पाइप दुमडल्यावर चेपतो ना, तशी. म्हणून नळीच्या एका तोंडाला बूच असतं आणि दुसऱ्या तोंडाला लांब रबरी पाइप, आणि त्या पाइपाचं टोक पप्पांच्या ओठात. वळवता वळवता ते आतून जराशी फुंकर घालतात आणि चेपलेलं वळण परत गोल होतं. जास्त फुंकलं तर फुगा, कमी फुंकलं तर चेप. आणि हे सगळं काच गार व्हायच्या आत, म्हणजे तुम्ही “अगं बाई” म्हणेपर्यंत. लहानपणी मला वाटायचं की अक्षराच्या आत पप्पांचा श्वास भरलेला असतो आणि तोच लाल पेटतो. नंतर कळलं की पंप लावून तो सगळा श्वास बाहेर ओढून काढतात आणि मग आत गॅस सोडतात. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

घर आमचं आवाजाचं. सकाळी मम्मीच्या थापटलेल्या भाकरीचा आवाज, मग तिच्या शिलाई मशीनचा, मग शेडमधला ब्लोअर सुरू झाला की घुं घुं, त्यात मधेच स्टेशनकडून गाडीची शिट्टी. कारखान्याचा गाळप हंगाम असला की सगळ्या गावावर मळीचा गोड-आंबट वास, तो तर आमच्या डाळीला पण यायचा. रविवारी मम्मी पांढरी साडी नेसून विहारात जायची, कारण वंदना तीच सांगायची. तिचा दम लई लांब. आवाज मोठा नव्हता, पण एका श्वासात ती एवढी ओढून न्यायची की समोरच्या बायका दोनदा श्वास घ्यायच्या. पप्पा रविवारी शेडमधनं हलायचे नाहीत. मम्मी म्हणायची, “तुमची वंदना काचेपुढं.” पप्पा तोंडात पाइप असल्यामुळं उत्तर देऊ शकायचे नाहीत, आणि मला वाटतं मम्मी हे बोलायला मुद्दाम तीच वेळ साधायची.

मग कोरोना आला आणि त्यानं पप्पांना धरलं. दवाखान्यात किती दिवस होते ते मी मोजलेलं नाही आणि मला मोजायचंही नाही. घरी आले तेव्हा ओट्यावरून मोरीपर्यंत गेले तरी भिंतीला धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसावर डाग आहेत, आता जपायचं, आणि फुंकायचं काम तर अजिबात करायचं नाही. पप्पांनी विचारलं, “कवापर्यंत?” डॉक्टर म्हणाले, “बघू.” ते “बघू” घेऊन आम्ही रिक्षात बसलो.

बरोबर एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, तीन नळकांड्यांचं, तीन रंगीत बॉल असलेलं. त्या वर्षी लई घरांत आलं होतं ते, तुमच्याकडं पण असेल बघा माळ्यावर. त्याच्या पाइपातनं हवा आत ओढायची, मग बॉल वर जातात. पप्पांचा एक बॉल अर्ध्यावर जाऊन टक्कन खाली पडायचा. ज्या माणसानं सगळ्या शिंगणापूर रस्त्यावरच्या हॉटेलांची नावं फुंकून उभी केली, त्याला खेळण्यातला बॉल उचलेना. आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसून ओरडायचो, “ओढा, पप्पा, ओढा!” “अहो, ओढा ना जरा!” ते ओढायचे, बॉल टक्. दिवसभर घरात तेवढाच आवाज. मम्मी हुलग्याचं माडगं करायची, त्यात गूळ घालून वाटी त्यांच्या हातात द्यायची, आणि ते म्हणायचे, “हे घोड्याचं खाणं पाजून पाजून घोडा करतीस का माझा?” आवाजात हवा नसायची, पण म्हणायचे.

त्यातच सायमन अंकल आले. स्टेशनरोडच्या कोपऱ्यावर त्यांची पहाट बेकरी आहे. बेकरीच्या माथ्यावर ‘पहाट’ ही पाटी पप्पांनीच केलेली, माझ्या जन्माच्या आधी. पप्पांची पद्धत अशी की वरची दांडी अख्ख्या शब्दाची एकच लांब नळी करायची, आणि खाली एकेक अक्षर सुटं लटकवायचं, दांडीला टेकल्यासारखं पण न टेकता. म्हणजे एखादं अक्षर फुटलं तर तेवढंच बदलता येतं. आणि फुटलं. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर माणूस नाही, म्हणून शेतातली वानरं गावात आली, आणि त्यातला एक हुप्प्या ‘हा’वर बसला. मधे वायर जोडून बाकीची पाटी चालू ठेवलेली, पण अक्षराच्या जागी अंधार. पडलेल्या दातासारखं दिसायचं.

सायमन अंकल दारातच मास्क लावून उभे राहिले. हातात खारीचा पुडा. “विलास, कसा हायेस?”

“हाय. बॉल खेळतोय.”

“खेळ, खेळ. मी काय कामासाठी न्हाई आलो.”

“मग मान खाली का घालतोस? पाटीचं बोल.”

अंकल हसले. “नाताळाला गिऱ्हाईक येतं रे. वरती बघतात. केकची वेळ हाय, आन् माझ्या पाटीत भगदाड. पण घाई न्हाई. तू बरा हो.”

“नाताळापर्यंत करतो,” पप्पा म्हणाले. मम्मीनं स्वयंपाकघरात पातेलं आपटलं.

आता मामा. मम्मीचा धाकटा भाऊ, संजूमामा, नगरला पाट्यांचंच काम करतो, पण एलईडीच्या. (नाव अहिल्यानगर झालं तरी मामाच्या तोंडात अजून नगरच.) दिवाळी झाल्यावर तो आला तो गुलाबी पट्टीचं भेंडोळं खांद्यावर टाकूनच. सतरंजीवर उलगडून दाखवलं. “हे बघा दाजी, कात्रीनं कापायचं, चिकटवायचं, प्लग लावायचा. लोकं ह्यालाच निऑन म्हणतात आता. न जाळ, न फुंकणं. तुमी बसल्या जागी करताल. अक्षराचं वळण तर तुमच्या हातात हायच.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पंप आन् ट्रान्सफॉर्मर घेणारा एक भंगारवाला हाय माझ्या वळखीचा. नाताळ झाला की घेऊन येतो त्याला. काय म्हणता?”

पप्पा पट्टी बोटांत धरून दाबत राहिले. ती रबरासारखी दबली. “लई मऊ हाय,” एवढंच म्हणाले.

मला वाटलं आता मम्मी मामाला झापणार. पण मम्मी म्हणाली, “संजू बरोबर बोलतोय. मला माणूस पाहिजे. टेबल गेलं तर गेलं.” आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवशी मला ती परकी वाटली. आज लिहिताना कळतंय, दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर तीच बसलेली होती, मी नाही.

पण पप्पांनी सायमन अंकलला शब्द दिलेला. एका सकाळी मम्मी कापड आणायला बाजारात गेल्यावर त्यांनी मला खुणावलं. “पगे, चल.” माझं नाव प्रज्ञा, पण पप्पांची मी पगी. शाळा तेव्हा मोबाईलमध्ये होती, मी मोबाईल भाकरीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पळाले. शेडमध्ये सगळ्यावर धूळ. पप्पांनी ‘हा’चा नकाशा पुसून टेबलावर ठेवला, बर्नर पेटवला, आणि पाइपाचं टोक माझ्याकडं दिलं. “मी वळवतो, तू फुंक. मी सांगीन तवाच. आन् जरासंच. गरम दुधावरची साय बाजूला करतेस ना, तेवढंच.”

‘ह’ हे काचेचं सगळ्यात वाईट अक्षर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. एक वळण संपलं नाही तर दुसरं, आणि दुसरं पहिल्याच्या पोटात. पहिल्या वळणाला पप्पा म्हणाले “हं!” आणि मी एवढी जीव खाऊन फुंकले की काचेला लिंबाएवढा फुगा आला आणि फटकन फुटला. “अगं, साय म्हणलं मी! पातेलं उडवायला न्हाई सांगितलं!” दुसऱ्यांदा मला हसू आलं. तिसऱ्यांदा मी घाबरून फुंकलेच नाही. चौथी नळी मात्र सुरेख तापली, पप्पांनी ती उचलली, वळवली, माझ्याकडं बघितलं आणि जोरात ओरडले, “ओढ!”

आणि मी ओढलं.

खरंच सांगते, विचारच केला नाही. इतके महिने घरात तोच शब्द चालू होता ना! नळीचं वळण आत गेलं, दात काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखं. पप्पा काचेकडं बघतायत, मी पप्पांकडं बघतेय, आणि दारातनं आवाज आला, “तिला कशाला? डॉक्टरांनी तुमाला वढायला सांगितलंय.”

मम्मी. हातात कापडाची पिशवी.

मला वाटलं आता संपलं. पण पप्पांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ते टेबलाला धरून हसायला लागले, आणि हसता हसता खोकला लागला. मम्मीनं पिशवी टाकली. आम्ही दोघी जागच्या जागी. खोकला आला, आला, आला, आणि थांबला. पप्पांनी डोळे पुसले, श्वास घेतला, आणि परत हसले. “ओढ म्हणलो मी! काचवाला मी, आन् ओढ म्हणलो!” आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले होते आणि हसून जिवंत उभे होते. मम्मी बघतच राहिली त्यांच्याकडं.

मग ते स्टुलावर बसले आणि हसू ओसरलं. “न्हाई जमायचं. मला सांगताच येत न्हाई कधी फुंकायचं ते. माझं मला कधी सांगावंच लागलं न्हाई. सांगेपर्यंत काच गार हुती. आण तुझ्या भावाच्या माणसाला.”

“मग सांगू नका,” मम्मी म्हणाली.

“आन् तुला कळणार कसं?”

तिनं माझ्या हातातनं पाइप घेतला, टोक पदरानं पुसलं. “विहारात चाळीस बायका एका सुरात कशा थांबतात? मी काय त्यांच्या तोंडाकडं बघते व्हय? खांद्याकडं बघते. श्वास घ्यायच्या आधी खांदा हलतो. तुमी वळवा गप.”

ती त्यांच्या समोर उभी राहिली. काचेकडं बघतच नव्हती. पप्पांनी नळी जाळात धरली, फिरवली, फिरवली, नळी लवली, त्यांनी उचलली, आणि त्यांचा डावा खांदा किंचित खाली गेला. मला तर दिसलाही नाही, मम्मीनं नंतर दाखवला. तेवढ्यात तिनं फुंकर घातली. एवढीशी, आणि मग ती तशीच धरून ठेवली, वंदनेतली लांब ओळ धरून ठेवते तशी, सोडली नाही, वाढवली नाही. वळण गोल झालं. पप्पांनी लाकडी फळीनं वरनं हलकं दाबलं आणि लगेच पुढचं वळण तापवायला घेतलं. परत खांदा, परत फुंकर. शेवटच्या वळणाला मी स्वतःच श्वास धरून बसले होते, आणि ‘हा’ टेबलावर पडला तेव्हा तिघांनीही एकदम हुश्श केलं, ब्लोअरच्या वर ऐकू आलं.

“फुगा कुठं हाय का बघा,” मम्मी म्हणाली.

पप्पांनी अंगठा फिरवला. “न्हाई.”

“चेप?”

“न्हाई गं.”

“मग तोंड का असं?”

“लाजतोय,” पप्पा म्हणाले. अगदी खरं म्हणाले, कानापर्यंत लाल झाले होते.

पुढचं काम पप्पांना एकट्याला येण्यासारखं होतं. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडले, पंप लावला. मग नळीत जोराचा करंट सोडून ती तापवायची, म्हणजे आतली घाण सुटते. पप्पा त्याला “ताप आणणं” म्हणतात. ताप आणायचा, उतरू द्यायचा, मग गॅस. त्या वेळी मम्मी म्हणाली, “एवढ्यात तापाचं नाव काढू नका घरात,” म्हणून आम्ही त्या दिवशी त्याला “ऊन दाखवणं” म्हणलो. गॅस सोडला, आणि ‘हा’ आधी थरथरला, मग शेंदरी लाल पेटून स्थिर झाला. मम्मी फक्त म्हणाली, “आपलाच हाय ना हा?”

नाताळाच्या तोंडावर दिवस मावळताना आम्ही बेकरीवर गेलो. शिडीवर मामा चढला. हो, तोच संजूमामा! पप्पांना शिडी मना होती आणि हाय व्होल्टेजची वायर जोडायला त्यालाच येत होतं. खालनं पप्पा ओरडत होते, “दांडीला टेकवू नको, टेकवू नको!” आणि वरनं तो ओरडत होता, “दाजी, मी काय लहान पोरगाय का!” आत भट्टीतनं केक निघाले होते, सगळ्या कोपऱ्याला लोण्याचा आणि दालचिनीचा वास. सायमन अंकलनी बटण दाबलं. दांडी पेटली, तिच्याखाली प, हा, ट, सगळी एकदम. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकवून थांबला. नवा ‘हा’ बाकीच्यांपेक्षा जरा जास्त लाल होता, अजूनही आहे, श्रीरामपूरला आलात तर बघा. अंकल म्हणाले, “वहिनी, हा तुमचा म्हणे?” मम्मीनं पहिल्यांदाच पाटीकडं मान वर करून नीट बघितलं. मामा शिडीवरनं उतरला, हात झटकले आणि म्हणाला, “भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो.” कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या काचेला हात पप्पांचे आणि फुंकर मम्मीची. मी वायरिंग शिकले, इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकायला लागले, आणि बघता बघता पुण्यातनं, नाशिकहून लोक विचारायला लागले, खरी काच पाहिजे, मराठीत पाहिजे. एलईडीचं गिऱ्हाईक आलं की मी मामाचा नंबर देते, आणि त्याच्याकडं कुणी काचेचं विचारलं की तो आमच्याकडं पाठवतो. सरळ दांडी मी एकटी करते आता. वळणं अजून चेपतात माझी.

आणि आता ऐका आत्ताचं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, छाती मोकळी आहे, आता फुंकायला हरकत नाही. मम्मी दवाखान्यातच रडली, मग बाहेर येऊन दोन भजीपाव खाल्ले. आणि आज शिंगणापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलची पाटी टेबलावर आहे, ‘सावली’. ‘सा’ काल झाला, दोघांचा. आज ‘व’ला पप्पांनी पाइप मम्मीकडं न देता स्वतःच्या ओठात धरला. मम्मी गॅसवरचा चहा बघायला उठली होती, ती तिथंच थांबली. पप्पांनी काच तापवली, उचलली, वळवली, फुंकली. एकटे. कुणाचा खांदा नाही, कुणाचं “हं” नाही. ‘व’ टेबलावर पडला, गोल, गुळगुळीत. ना फुगा, ना चेप. त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, आणि मी नाचले, खरंच नाचले, पत्र्याला डोकं आपटलं.

आणि मग, म्हणून तर मी हे आत्ता लिहितेय, पप्पांनी ‘ली’ची नळी जाळात धरली, तोंडातला पाइप काढला, टोक शर्टाला पुसलं आणि मम्मीपुढं धरलं.

मम्मी म्हणाली, “आता कशाला? आता येतंय की तुमाला.”

“येतंय,” पप्पा म्हणाले. “धर. काच तापली.”

चहा तिकडं उतू गेलाय. मम्मीनं पाइप घेतलाय, ती पप्पांच्या खांद्याकडं बघतेय, आणि मी दारातनं दोघांकडं. सांगा ना, तुमच्या घरी असं झालंय का कधी, की अडचणीपुरतं कुणी कुणाच्या कामाला हात लावला, मग अडचण गेली आणि हात तिथंच राहिला?